हक्क की ‘विशेष बाब’?

विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले, की एक ठराविक देखावा दरवर्षी पाहावयास मिळतो. सार्वजनिक आरोग्य खात्याच्या मागण्या चर्चेस येतात आणि एकामागून एक सभासद उठून आपापल्या तालुक्याची व्यथा मांडू लागतात. कोणाच्या गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र पावसाळ्यात गळते. कोणाच्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह आहे, पण भूल देणारा डॉक्टर नाही. कोणाला तीस खाटांचे रुग्णालय पन्नास खाटांचे करून हवे असते. या मागण्यांपैकी बहुतेक खऱ्या असतात, यात शंका नाही. मंत्रिमहाशय उत्तरास उभे राहतात, तेव्हा काही मागण्यांची वासलात ‘तपासून पाहू’ एवढ्यावर लागते, आणि काहींच्या पदरात मात्र ‘विशेष बाब म्हणून मंजुरी’ पडते. सरकारी मराठीने आपल्याला पुष्कळ शब्द दिले. परंतु ‘विशेष बाब’ या दोन शब्दांइतके सामर्थ्य त्यांतील दुसऱ्या कोणत्या शब्दांत असेल असे आम्हांस वाटत नाही. नियम काय म्हणतो, लोकसंख्या किती, अंतर किती, हे सारे प्रश्न या दोन शब्दांपुढे मुकाट्याने मान खाली घालतात.

आपल्या मतदारसंघासाठी रुग्णालय मागणे हा लोकप्रतिनिधीचा दोष नव्हे. ते त्याचे कर्तव्यच आहे. प्रश्न मागणाऱ्याचा नाही, देणाऱ्याचा आहे. सार्वजनिक तिजोरीतील आरोग्याचा पैसा कोणत्या मापाने वाटावयाचा? जेथे आजार अधिक, डॉक्टर कमी आणि रस्ता लांब, तेथे तो प्रथम जावा; की जेथला प्रतिनिधी वजनदार, पक्ष सत्तेतला आणि निवडणूक जवळ, तेथे तो प्रथम जावा? तत्त्व म्हणून विचारले तर या प्रश्नाचे उत्तर सर्व पक्ष एकमुखाने देतील. व्यवहारात मात्र ते उत्तर गेली अनेक वर्षे सर्व पक्षांनी मिळून खोटे पाडले आहे. अमुक एका सरकारवर ठपका ठेवून मोकळे होण्याइतका हा विषय सोपा नाही, म्हणूनच आज त्याचा जरा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मूळ प्रतिज्ञा आणि अपुरी थैली

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा देश स्वतंत्रही झालेला नव्हता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व त्या समितीने आरोग्यव्यवस्थेच्या पायाशी ठेवले आणि खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत दवाखान्यांची उतरंड कशी रचावी याचा नकाशाही आखून दिला. पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, पश्चिम बंगालमधील एका अपघातग्रस्त शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविल्याच्या प्रकरणी, वेळेवर उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि पैशाच्या टंचाईची सबब सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे तत्त्वांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

वाण होती ती पैशाची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचा संकल्प सोडला, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्याकडे वळवावा असे सांगितले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१४-१५ साली १.१३ टक्के असलेला हा सरकारी खर्च २०२१-२२ साली १.८४ टक्क्यांवर आला. ही प्रगती आहे हे मान्य करावयास हवे. परंतु त्याही वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार रुग्णाने स्वतःच्या खिशातून उचलला. आणि महाराष्ट्र, ज्याची गणना श्रीमंत राज्यांत होते, त्याने मुदत उलटून गेल्यावरही आठ टक्क्यांची पातळी गाठली नव्हती.

थैली लहान असली, की ती कोणाच्या हाती आहे याला महत्त्व येते. अन्न भरपूर असेल तर वाढप्याच्या लहरीने कोणी उपाशी राहत नाही. अन्न अपुरे असेल तेव्हा मात्र वाढपी ओळखीचा असणे हीच पात्रता ठरते. आपल्याकडे आरोग्याच्या पंगतीत नेमके हेच घडत आले आहे.

फीत कापता येते ते, आणि येत नाही ते

वाटपाचे नियम मुळात नाहीत असे नव्हे. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पाच हजार किंवा तीन हजारांमागे एक उपकेंद्र. त्यांच्यावर ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्याही वर उपजिल्हा रुग्णालय. असे प्रमाण ठरलेले आहे. त्या प्रमाणावर राज्याचा बृहत् आराखडाही बेतलेला असतो. परंतु जनगणनेचे आकडे जुने होत जातात, आराखडा मागे पडतो, आणि मग आराखड्याबाहेरच्या मंजुऱ्यांची रीघ लागते. एखाद्या गावात उपकेंद्राचे श्रेणीवर्धन होऊन प्राथमिक केंद्र उभे राहते आणि शेजारच्या तालुक्यात निकषांत बसणारा प्रस्ताव मंत्रालयातील टेबलांवरून वर्षानुवर्षे फिरत राहतो. दोन्हींतील फरक रोग्यांच्या संख्येत शोधू गेल्यास सापडत नाही. तो बहुधा मुंबईच्या फेऱ्यांच्या संख्येत सापडतो.

त्यातही मंजुरी कशाला मिळते हे पाहिले म्हणजे राजकारणाचा हात अधिकच स्पष्ट दिसतो. इमारतीची कोनशिला बसविता येते, तिची फीत कापता येते, तिच्या दर्शनी भिंतीवर नाव कोरता येते. परिचारिकेच्या रिक्त पदावर नेमणूक झाली म्हणून कोणी मंडप घालत नाही. औषधाचा साठा वेळेवर पोहोचला म्हणून कोणाची मिरवणूक निघत नाही. परिणाम असा, की भिंती उभ्या राहतात आणि माणसे येत नाहीत. महाराष्ट्रातील आरोग्यसेवेविषयीचा भारताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२४ च्या डिसेंबरात विधिमंडळापुढे आला. सरकारी आरोग्यसंस्थांतील डॉक्टरांच्या मंजूर पदांपैकी एक-पंचमांशाहून अधिक आणि परिचारिकांच्या पदांपैकी सुमारे एक-तृतीयांश पदे रिकामी असल्याचे त्यात दिसून आले. ही पदे नवी मागितलेली नव्हेत. सरकारनेच मंजूर केलेली, आणि सरकारनेच न भरलेली.

नांदेडची घटना वाचक विसरले नसतील. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीवर तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये ठाण्यानजीक कळव्याच्या पालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण मरण पावले होते. उच्च न्यायालयाने नांदेडच्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. औषधांची टंचाई, रिक्त पदे, आसपासच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेस येणारे रुग्ण, ही सारी कारणे तेव्हा चर्चेत आली. यांतील एकही कारण त्या रात्री जन्मास आलेले नव्हते. खालच्या पायरीवरील रुग्णालये पोकळ राहिली, म्हणून सारा भार वरच्या पायरीवर आला. आणि वरची पायरीही आतून पोखरलेली निघाली.

पुढे एका वर्षाने, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन एकाच दिवशी झाले. सहा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. ही महाविद्यालये नकोत असे आम्ही म्हणणार नाही. गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा या जिल्ह्यांचा त्यांवर निःसंशय हक्क आहे आणि तो त्यांना उशिराच मिळाला. आमचे म्हणणे एवढेच, की असलेल्या महाविद्यालयांत अध्यापक आणि परिचारिका पुऱ्या पडत नसताना नव्या दहांसाठी ती माणसे कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर उद्‌घाटनाच्या तारखेइतक्याच निश्चयाने दिले गेले पाहिजे होते. कॅलेंडर जर निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकाकडे पाहून आखले जाऊ लागले, तर आरोग्याची निकड दुय्यम ठरणे अटळ आहे.

पालकमंत्र्यांवाचून पोरका जिल्हा

पैशाचा दुसरा ओघ जिल्हा नियोजन समितीतून वाहतो. प्राथमिक केंद्रांची बांधकामे व दुरुस्त्या, औषधे, यंत्रसामग्री यांच्यासाठी जिल्ह्याला पुष्कळदा याच निधीकडे डोळे लावून बसावे लागते. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने कल्पिलेली ही समिती स्थानिक लोकनियुक्त संस्थांची. तिचे चार-पंचमांश सभासद त्या संस्थांनी निवडून द्यावयाचे. प्रत्यक्षात ती पालकमंत्र्यांच्या शब्दावर चालते. त्यातच २०२२ पासून पुढे कित्येक वर्षे राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार निवडणुकांअभावी प्रशासकांच्या हाती राहिला. म्हणजे जी प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेने चालवावयाची, त्यांच्याविषयी प्रश्न विचारण्यास जिल्हा परिषदेत कोणी निवडून आलेला माणूसच उरला नाही.

अशा व्यवस्थेत सत्तेचे पारडे हलले, की रुग्णाची खाटही हलते. २०२२ च्या जून-जुलैत राज्यातील सरकार बदलले. नव्या सरकारने आल्याआल्याच, आधीच्या सरकारच्या काळात १ एप्रिलपासून मंजूर झालेली जिल्हा नियोजनाची कामे नवे पालकमंत्री येईपर्यंत थांबविण्याचा आदेश काढला. नवे पालकमंत्री नेमले गेले २४ सप्टेंबरला. आधीच्या मंजुऱ्यांत पक्षपात झाला असेल. नव्या सरकारला तसा संशय येण्यास जागाही असेल. परंतु गळके छप्पर आणि रस्त्याचे कंत्राट ही एकाच आदेशाने थांबवावयाच्या योग्यतेची कामे होत काय? जुलै ते सप्टेंबर हे महाराष्ट्रात हिवतापाचे, डेंग्यूचे, अतिसाराचे दिवस. डासाला पालकमंत्र्याची वाट पाहावी लागत नाही. पुढे २०२५ च्या जानेवारीत पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली. कारण सत्तेतील पक्षांचे आपसांत जमले नाही. जिल्ह्याचे पालकत्व हे जेथे भांडणाचे बक्षीस ठरते, तेथे त्या जिल्ह्याच्या दवाखान्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

चिठ्ठीची वाट

तिसरी वाट चिठ्ठीची. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून गंभीर आजाराच्या रुग्णांस मदत मिळते आणि तिने अनेकांचे प्राण वाचले आहेत, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. २०२५ च्या फेब्रुवारीत उपमुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातही निराळा वैद्यकीय मदत कक्ष उघडला. एका मंत्रालयात मदतीची दोन दारे उघडली जातात, तेव्हा आनंद वाटावा की चिंता, हे आम्हांस समजत नाही. कारण दार जेवढे सत्तेच्या खोलीजवळ, तेवढी मदत उपकारासारखी भासू लागते.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि त्याखाली २००६ साली उच्च न्यायालयाने लावून दिलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांस मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांस सवलतीने द्यावयाच्या असतात. हा कायदा आहे, मेहेरबानी नव्हे. तरीही पिवळी शिधापत्रिका घेऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला प्रथम काय विचारले जाते, हे शहरातील कोणाही समाजसेवकाला विचारावे. ‘कोणाचे पत्र आणले आहे?’ हा तो प्रश्न. ज्याच्या खिशात आमदाराचे पत्र त्याचा हक्क जागा होतो. ज्याच्या खिशात केवळ शिधापत्रिका, त्याचा हक्क झोपलेलाच राहतो. आणि रुग्ण बरा होऊन गावी गेला, की चौकात फलक लागतो: अमुक साहेबांच्या प्रयत्नाने अमक्यास जीवदान! कायद्याने जे मिळावयाचे होते ते साहेबांनी दिले, अशी नोंद लोकांच्या मनात होते. हक्काचे उपकारात रूपांतर करण्याची याहून परिणामकारक किमया दुसरी नसेल.

फलकाची ही हौस गल्लीपुरती नाही. दिल्लीलाही ती सुटलेली नाही. २०२३ साली केंद्राने आरोग्यकेंद्रांस ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव द्यावे असे राज्यांस कळविले. पंजाबने केंद्राच्या योजनेतील आरोग्यकेंद्रांवर आपल्या ‘आम आदमी’ दवाखान्यांची पाटी लावली म्हणून त्या राज्याचा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी अडला. केरळ आणि पश्चिम बंगाल यांचाही नामफलकांवरून केंद्राशी असाच वाद झाला. आपल्याकडे १९९७ ची जीवनदायी योजना २०१२ साली एका नेत्याच्या नावाने आणि २०१७ साली एका महात्म्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नावे आदरणीय आहेत. पण पाटी रंगविण्याच्या तंट्यात हप्ता अडतो तेव्हा आशा कार्यकर्तीचे मानधन थकते आणि क्षयरोग्याच्या औषधात खंड पडण्याची भीती उभी राहते. हे पैसे ना केंद्राच्या खिशातले, ना राज्याच्या. ज्या करदात्याचे ते आहेत त्याच्या नावाची पाटी मात्र आजवर कोणी लावलेली आम्ही पाहिली नाही.

सूत्र आंधळे असते काय?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीरपणे ऐकावयास हवा. कोणी म्हणेल, की सूत्रे आणि निकष हे कागदावरचे असतात. माणसाची व्यथा माणसालाच कळते. मेळघाटातील धारणी-चिखलदरा, नंदुरबारमधील अक्कलकुवा-धडगाव, पालघरमधील मोखाडा-जव्हार येथे लोकसंख्येचे प्रमाण लावून भागत नाही. तेथे दोन पाड्यांमध्ये नदी असते, आणि पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीतून आणावे लागते. ही गोष्ट निकषांना दिसली नाही. ती लोकप्रतिनिधींनी, कार्यकर्त्यांनी, न्यायालयात धाव घेणाऱ्यांनी दाखविली. मग राजकारणाला वाटपातून हद्दपार केले तर हा आवाज कोण उठविणार?

आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. लोकप्रतिनिधीने आवाज उठवावा तो माप बदलण्यासाठी, माप चुकविण्यासाठी नव्हे. नदी, डोंगर आणि अंतर यांना मापात स्थान नसेल तर ते मिळवून देणे हे राजकारणाचे सर्वांत उदात्त कार्य होय. आदिवासी भागासाठी तीसऐवजी वीस हजारांचे प्रमाण आले ते याच वाटेने. त्याचा लाभ एका आमदाराच्या गावाला नव्हे, तर तशा प्रत्येक गावाला मिळाला. उलट, ‘विशेष बाब’ म्हणून एका गावाला मिळालेले रुग्णालय दुसऱ्या तशाच गावाला काहीच देत नाही. त्याच्या वाट्याचे मात्र नेते. मेळघाट आणि मोखाडा यांच्या व्यथा दशकानुदशके तशाच राहिल्या, याचे कारण त्यांना निकषांनी दडपले हे नसून, शिफारशींच्या बाजारात त्यांचे वजन कधीच पडले नाही, हे आहे.

महाराष्ट्राला हे नवे शिकावयाचे आहे असेही नाही. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल आकड्यांत मोजून दाखविला. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण यांबरोबर आरोग्यसेवेचाही अनुशेष तिने मांडला, आणि एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांवर भरला. आकड्यांविषयी मतभेद झाले, पद्धतीविषयी वाद झाले. सबंध जिल्हा हे एकक धरले की त्या जिल्ह्यातील उपाशी तालुका झाकला जातो, हा दोषही त्यात होता. तरीही कोणाला किती आणि का, हे सर्वांसमक्ष मोजता येते, हे त्या समितीने सिद्ध केले. त्याच धाग्याने घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदाखाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे आली आणि निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्या मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा का नेमली जात नाहीत असे २०२१ च्या मार्चमध्ये विधानसभेत विचारले गेले, तेव्हा विधान परिषदेवरील बारा सभासदांच्या नावांस राज्यपालांनी मान्यता द्यावी, त्याच दिवशी मंडळे जाहीर करू, अशा आशयाचे उत्तर तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी दिले. बारा आसनांच्या बदल्यात मागास भागांचे माप गहाण पडले. राज्यपाल एका पक्षाच्या मर्जीचे आणि मंत्रिमंडळ दुसऱ्या पक्षांचे. दोघांच्या ओढाताणीत फळी मोडली ती तिसऱ्याची.

परदेशांचा अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टराने १९७१ साली दाखवून दिले, की चांगली वैद्यकीय सेवा जेथे गरज सर्वाधिक तेथेच सर्वांत कमी मिळते. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, तेथील एका कार्यगटाने लोकसंख्या, वय आणि मृत्यूचे प्रमाण यांवर बेतलेले वाटपाचे सूत्र सरकारला दिले. पुढे ते अनेकदा बदलले. पण बदल झाला तो उघड चर्चेने. ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडले. २०१९ च्या निवडणुकीपूर्वी, २०१८ च्या डिसेंबरात, तेथील सरकारने रुग्णालये व आरोग्यकेंद्रे यांच्यासाठी मोठ्या अनुदानांची योजना जाहीर केली. २०२३ साली तेथील महालेखापरीक्षकांनी त्या योजनेचा कारभार परिणामशून्य आणि नीतीच्या कसोटीस न उतरणारा असल्याचा शेरा मारला. श्रीमंत आणि सुशिक्षित देशालाही हा रोग जडतो. तेथे तो निदान तपासणीत उघडा पडतो आणि त्यावर बोलले जाते, एवढाच फरक.

काय करावयास हवे

उपाय सांगण्यास आम्ही कचरत नाही. ते अवघडही नाहीत. पहिला, तालुका हे एकक धरून प्रत्येक तालुक्याची आरोग्यगरज दरवर्षी मोजावी आणि प्रसिद्ध करावी. बालमृत्यू व मातामृत्यू, खाटा, भरलेली पदे, जवळच्या शस्त्रक्रियागृहापर्यंतचे अंतर एवढी मोजमापे तीत असली तरी पुरे. अर्थसंकल्पातील आरोग्याचा पैसा या मापाने वाटला गेला की नाही, हे मग शाळेतला मुलगाही पडताळून पाहू शकेल. दुसरा, ‘विशेष बाब’ सर्वस्वी बंद करा असे आम्ही म्हणत नाही; आपत्तीत तिची गरज पडेल. मात्र अशी प्रत्येक मंजुरी कारणासह सभागृहापुढे ठेवली जावी, आणि तिच्यामुळे निकषांत बसणारे कोणते ठिकाण मागे पडले हेही त्याच कागदावर लिहावे. लपूनछपून केलेला पक्षपात सोपा असतो. सही करून केलेला अवघड.

तिसरा, पदे मंजूर होऊन ती भरल्यावाचून नव्या इमारतीस पैसा नको. चौथा, जिल्हा नियोजनातील आरोग्याचा वाटा ठरलेल्या तारखांना आपोआप सुटावा. पालकमंत्री असो वा नसो, सरकार राहो वा जावो. औषधांच्या बाबतीत तमिळनाडूचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या तेथील औषधखरेदी महामंडळाने प्रत्येक सरकारी रुग्णालयास एक पासबुक दिले. वर्षाला किती रकमेचे औषध उचलता येईल ते त्यात लिहिलेले. रुग्णालयाने गोदामात जावे, औषध उचलावे, पासबुकात नोंद करावी. कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. महाराष्ट्राने २०१७ साली खरेदी हाफकिनकडे सोपविली, ती पुरवठ्याच्या विलंबाने गाजली, आणि २०२३ साली स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. प्राधिकरण झाले हे ठीक. पण पासबुकामागचे तत्त्व आले नाही तर एका खिडकीच्या जागी दुसरी खिडकी, एवढाच बदल होईल. पाचवा, सहाय्यता निधी आणि धर्मादाय खाटा यांचे जिल्हावार व रुग्णालयवार आकडे दरमहा जाहीर व्हावेत, आणि अर्जास शिफारसपत्र जोडणे हीच अपात्रता मानावी.

हे घडवून आणण्याची ताकद कोणात आहे? राजकीय पक्षांत नाही. कारण आज विरोधात असलेला पक्ष उद्या त्याच चाव्यांची वाट पाहत असतो. ती ताकद आहे शहरातील सुशिक्षित मध्यमवर्गात, म्हणजेच आमच्या वाचकांत. आणि येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. हा वर्ग विम्याचा हप्ता भरून खाजगी रुग्णालयात जातो आणि सरकारी दवाखाना हा ‘त्यांचा’ प्रश्न आहे असे मानतो. परंतु परळच्या पदपथावर पथारी टाकून कर्करोगाच्या उपचारांची वाट पाहणारी कुटुंबे विदर्भातून आणि मराठवाड्यातून येथवर का येतात? त्यांच्या जिल्ह्यात जे उभे राहावयास हवे होते ते उभे राहिले नाही, म्हणून. शिवाय विमा संपतो, साथ येते, आणि मग आम्हीही दूरध्वनी फिरवितो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘एक खाट पाहा हो’ म्हणून नगरसेवकाला आणि आमदाराला न विनवलेले घर या शहरात किती सापडेल? त्याच महिन्यात अहमदनगरच्या खासदारांनी रेमडेसिविरच्या कुप्या विमानाने आपल्या जिल्ह्यात आणल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अनेकांना तो पराक्रम वाटला. ज्या जिल्ह्याच्या खासदाराला विमान मिळाले नाही तेथल्या रुग्णांनी काय करावे, असे विचारणारे थोडे होते.

याच काळातील दुसरे उदाहरण मुंबईचे. महापालिकेने २०२० च्या जूनपासून चोवीस विभागांत नियंत्रण कक्ष उघडले आणि खाटा त्यांच्यामार्फत, रुग्णाच्या प्रकृतीकडे पाहून, देण्याची पद्धत घातली. ती निर्दोष नव्हती, वशिल्याचे दूरध्वनी तेथेही वाजले. तरी अनोळखी माणसाला एका क्रमांकावर विचारणा करून खाट मिळू शकते, हे हजारो कुटुंबांनी अनुभविले. मरणाच्या लाटेत जे जमले ते शांततेच्या काळात जमणार नाही, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याला आमदार आहे. पण वजनदार आमदार प्रत्येक तालुक्याला असू शकत नाही. म्हणून आरोग्याचा पैसा वजनाने वाटला जाईल तोवर कोणता ना कोणता तालुका उपाशी राहणारच. पुढील अधिवेशनात एखादा सभासद उठून आपल्या गावासाठी रुग्णालय मागेल, तेव्हा त्याला ‘विशेष बाब’ म्हणून ते देण्याऐवजी मंत्र्यांनी तालुक्यांची यादी सभागृहापुढे ठेवावी, आणि त्याचे गाव तीत कितवे आहे ते सांगावे. ते पहिले असेल तर रुग्णालय त्याच दिवशी मिळावे. पन्नासावे असेल तर आधीच्या एकोणपन्नास गावांची नावे त्या सभासदाने स्वतः वाचून दाखवावीत. एवढे झाले, तरी आमच्या मते या राज्याच्या आरोग्यव्यवस्थेने दुखण्यातून उठावयास प्रारंभ केला असे म्हणता येईल.